बेभरवशाच्या ओटीजीत एकसारखे कसे भाजावे

केक मागच्या बाजूने करपतो आणि पुढच्या बाजूने फिकट राहतो, ब्रेड वरून खरपूस दिसतो पण कापल्यावर मध्ये ओलसर निघतो, एकाच ट्रेमधल्या नानकटाईंपैकी काहींचा तळ काळा होतो आणि काहींचा पांढराच राहतो. असे झाले की बहुतेक घरांत पहिला संशय कृतीवर घेतला जातो. मग बेकिंग पावडर कमी-जास्त केली जाते, दही बदलले जाते, साखर घटवली जाते आणि पुढच्या खेपेला पदार्थ वेगळ्याच तऱ्हेने बिघडतो, कारण मूळ दोष मिश्रणात नसून ओव्हनमध्ये असतो. घरगुती ओटीजीबद्दल, म्हणजे ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल एकत्र असलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनबद्दल, माझे ठाम मत असे आहे, की त्याचे खरे तापमान मोजल्याशिवाय आणि त्याच्या आत उष्णता कुठे जास्त, कुठे कमी पडते हे कळल्याशिवाय कृतीतला एक चमचाही बदलू नये. ओव्हन एकदा नीट ओळखला की साधा, स्वस्त, जुना ओटीजीसुद्धा चांगले काम देतो.

बटणावरचा आकडा म्हणजे आतले तापमान नव्हे

ओटीजीचे तापमानाचे बटण आतली उष्णता मोजून दाखवत नाही; रॉडची वीज केव्हा तोडायची आणि केव्हा पुन्हा जोडायची एवढेच ते ठरवते. साध्या ओटीजींमध्ये हे काम सहसा दोन वेगवेगळ्या धातूंच्या, एकमेकांना पक्क्या जोडलेल्या पट्टीकडून, म्हणजे थर्मोस्टॅटकडून, होते. उष्णतेने एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते, विजेचा जोड सुटतो आणि रॉड बंद होतात. पट्टी निवली की ती सरळ होते, जोड पुन्हा लागतो आणि रॉड तापू लागतात. पण वीज तुटल्यावरही लाल झालेले रॉड काही वेळ उष्णता फेकतच राहतात, म्हणून तापमान ठरवलेल्या आकड्याच्या पुढे जाते, आणि वीज जोडल्यावर रॉड पुन्हा तापायला वेळ घेतात, म्हणून ते त्या आकड्याच्या खाली उतरते. वर आणि खाली प्रत्येकी पंधरा-वीस अंशांची अशी ये-जा घरगुती ओटीजीत नेहमीचीच असते आणि तिला बिघाड म्हणता येत नाही. शिवाय ही पट्टी बटणांच्या बाजूला, भिंतीलगत बसवलेली असते; तिला जाणवते ते त्या कोपऱ्यातले तापमान, केक ठेवलेल्या मधल्या जागेचे नव्हे.

दुसरी गोष्ट उष्णतेच्या प्रवासाची. ओटीजीमध्ये पदार्थाला उष्णता तीन वाटांनी मिळते: गरम हवेतून, तापलेल्या भांड्याच्या स्पर्शातून आणि लाल झालेल्या रॉडमधून थेट येणाऱ्या किरणांतून. यांपैकी तिसरी वाट लहान ओव्हनमध्ये फार प्रबळ असते, कारण रॉड पदार्थापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर असतात. शेकोटीजवळ बसलेल्या माणसाची छाती भाजते आणि पाठ गारठलेली राहते, तसेच इथे होते. आतली हवा सगळीकडे सारखी तापलेली असली तरी रॉडसमोर आलेला भाग आधी करपतो. त्यात पुढचे दार बहुधा एकेरी काचेचे असते, त्याच्या कडांना रबरी पट्टी नसते, आणि तिथून गरम हवा सतत निसटत राहते. म्हणून पुढची रांग फिकट आणि मागची गडद हा दोष इतका सर्रास दिसतो.

पुण्या-मुंबईतल्या जुन्या बेकऱ्यांची किंवा गोव्यातल्या पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, लाकडावर तापणारी भट्टी याच्या अगदी उलट वागते. तिथे जाड विटांच्या भिंती आणि घुमटाकार छत आधी भरपूर उष्णता साठवतात आणि मग ती साठलेली उष्णता सगळीकडून सावकाश सोडतात. पावाला सर्व बाजूंनी सारखा रंग येतो तो या साठ्यामुळे. ओटीजीच्या पातळ पत्र्यात हा साठा जवळजवळ नसतोच, आणि पुढे सांगितलेले बरेचसे उपाय हा साठा थोडाफार निर्माण करण्याचे आणि रॉडची थेट झळ अडवण्याचेच आहेत.

विजेचा दाब

या गोष्टीकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, उपनगरांत अर्धा दोष इथेच असतो. ओटीजीवर लिहिलेले वॅट २३० व्होल्ट धरून लिहिलेले असतात, आणि रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला तर उष्णता तेरा टक्क्यांनी नव्हे, तर जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटते; १५०० वॅटचा ओटीजी तेव्हा साधारण ११३० वॅटचा होऊन बसतो. थर्मोस्टॅट रॉड जास्त वेळ चालू ठेवून ही तूट थोडी भरून काढतो, पण आधी तापवायला लागणारा वेळ वाढतो, आणि दार उघडल्यावर गेलेली उष्णता परत यायला उशीर लागतो. दुपारी उत्तम झालेला केक त्याच कृतीने रात्री आठला बसका का झाला, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते.

सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो. घरात एसीला किंवा फ्रिजला आकडा दाखवणारा स्टॅबिलायझर असेल तर तेवढ्यावरही काम भागते. भाजायला सुरुवात करताना दाब पाहून ठेवावा, आणि तो नेहमी संध्याकाळी उतरत असेल तर महत्त्वाचे भाजणे सकाळी किंवा दुपारी उरकावे. ओटीजी नेहमी १६ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंग असलेल्या जोडणीवर चालवावा. २००० वॅटचा ओव्हन जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो, ती ६ अँपिअरच्या सॉकेटच्या आवाक्याबाहेरची आहे. पातळ तारेची एक्स्टेंशन दोरी वापरली तर दाब तिच्यातच आणखी उतरतो आणि दोरी तापून धोका निर्माण होतो, तो वेगळाच.

मोजणी: थर्मामीटर, साखर आणि ब्रेडचे काप

ओव्हनमध्ये ठेवायचा घड्याळी थर्मामीटर ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगाची खरेदी आहे; नवा ओव्हन घेण्याचा विचार करण्याआधी हा घ्यावा. तो मधल्या जाळीच्या मधोमध, काचेतून आकडा दिसेल असा ठेवावा, वरचे आणि खालचे दोन्ही रॉड चालू करावेत, बटण १८० वर ठेवावे आणि दार न उघडता पंचवीस मिनिटे थांबावे. रॉड पहिल्यांदा बंद झाले म्हणजे ओव्हन तयार झाला असे मुळीच समजू नये. त्या क्षणी फक्त हवा तापलेली असते, भिंती आणि जाळ्या अजून थंडच असतात. रॉड दोन-तीन वेळा बंद-चालू होऊ द्यावेत आणि मग पुढच्या काही फेऱ्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा लिहून घ्यावा. काही ओटीजींत समोरचा दिवा थर्मोस्टॅटशी नव्हे, तर टायमरशी जोडलेला असतो आणि तो शेवटपर्यंत पेटलेलाच राहतो. अशा वेळी कान द्यावा, जोड सुटताना आणि लागताना बारीकसा ‘टक’ असा आवाज येतो.

समजा, १८० वर ठेवलेल्या बटणाला आतले तापमान १८५ ते २१५ या दरम्यान खालीवर होत असेल, तर त्याची सरासरी २०० झाली, म्हणजे तुमचा ओव्हन वीस अंशांनी पुढे आहे. हीच मोजणी १५० आणि २०० या आकड्यांवरही करावी, कारण फरक सगळीकडे सारखाच असेल असे नाही. मग कागदाच्या चिकटपट्टीवर स्वतःचे आकडे लिहून ती बटणाशेजारी लावावी: ‘१८० हवे तर बटण १६० वर’. एवढ्या एका चिकटपट्टीने किती कृती वाचतात, हे ती लावल्याशिवाय पटत नाही.

तारेच्या टोकाला टोचणी असलेला डिजिटल थर्मामीटर घेतला असेल तर त्याची स्वतःची पारख उकळत्या पाण्यात करता येते. मुंबईत किंवा रत्नागिरीत, समुद्रसपाटीला, त्याने १०० अंश दाखवायला हवेत. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळते आणि महाबळेश्वरला ९५-९६ अंशांच्या आसपास. या आकड्यांपासून तो जितका दूर असेल तितका फरक पुढे हिशेबात धरावा.

थर्मामीटर मिळेपर्यंत साखरेवर अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत एक चमचा साखर पसरून ती आधीच पूर्ण तापलेल्या ओव्हनमध्ये, बटण १७५ वर ठेवून, पंधरा मिनिटे ठेवावी. दाणे कोरडे राहायला हवेत. मग बटण १९० वर नेऊन नवी साखर तितकाच वेळ ठेवावी; आता ती पाघळायला हवी. १७५ वरच पाघळली तर ओव्हन जास्त तापतो, १९० वरही दाणे तसेच राहिले तर कमी तापतो. पंधरा मिनिटांची मर्यादा मात्र पाळावी, कारण बराच वेळ तापत राहिलेली साखर कमी तापमानालाही रंग धरते आणि मऊ पडते, आणि मग अंदाज चुकतो.

तापमान कळले, तरी ते कुठे किती हे अजून कळलेले नसते, आणि त्यासाठी ब्रेडच्या कापांसारखे साधन नाही. बाजारातल्या साध्या पांढऱ्या सँडविच ब्रेडचे काप मधल्या जाळीवर, कडेला कड लावून, पूर्ण जाळी भरेल असे मांडावेत. ओव्हन १८० अंशांना नीट तापलेला असावा. आठ-दहा मिनिटांत रंग येऊ लागतो. सगळ्यांत गडद काप तांबूस झाला की सगळे एकदम, ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने ओट्यावर काढून मांडावेत आणि त्यांचा फोटो काढून ठेवावा. मग प्रत्येक काप उलटून खालची बाजूही पाहावी. इथे ओव्हनचा स्वभाव अगदी उघडा दिसतो. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या कापावर तपकिरी पट्टा उमटलेला असतो, तो रॉडच्या बरोबर खालच्या रेषेत. दाराजवळच्या कापांची पुढची बोटभर कड अजून पांढरी असते. आणि उलटल्यावर जाळीच्या काड्यांचे फिके पट्टे आणि त्यांच्यामधला करपलेला भाग स्पष्ट दिसतो. खालची बाजू वरच्यापेक्षा फार गडद असेल तर खालचे रॉड जवळ आहेत, जाळी एक खण वर न्यावी. एका बाजूचा निम्मा भाग पूर्ण पांढरा राहिला तर बहुधा त्या बाजूचा रॉड गेलेला आहे. स्वयंपाकघरातला दिवा मालवून, ओव्हन चालू करून दोन-तीन मिनिटांनी काचेतून पाहिले तर कोणता रॉड लाल होत नाही ते लगेच कळते. मात्र एखाद्या ओटीजीत रॉड मंदच लाल होतात, म्हणून त्यांची एकमेकांशी तुलना करावी.

हीच पाहणी प्रत्येक खणात एकदा करून ठेवली की पुन्हा लवकर करावी लागत नाही. आणि जाता जाता एक साधी गोष्ट: एका ताटात बोटभर पाणी घालून ते थंड ओव्हनच्या जाळीवर ठेवावे. पाणी एका बाजूला झुकले तर ओव्हनच तिरका उभा आहे, आणि एका अंगाला उंच होणाऱ्या केकचा उष्णतेशी काही संबंध नाही. पायांखाली पुठ्ठ्याची घडी दिली की काम झाले.

उष्णता सपाट करण्याचे उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे बीडाचा तवा. दांडा नसलेला किंवा आखूड कानांचा जाड तवा सर्वांत खालच्या जाळीवर ठेवावा आणि केकचे भांडे त्याच्या वरच्या जाळीवर ठेवावे; भांडे तव्यावरच टेकवू नये, मध्ये हवा फिरायला जागा असावी. तवा खालच्या रॉडची थेट झळ अडवतो, स्वतः तापतो आणि ती उष्णता सगळ्या अंगाने सारखी वर सोडतो, आणि दार उघडल्यावर हवा निवली तरी त्याच्यातला साठा कायम राहतो. त्याच्या चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाही तर गरम हवा खालीच कोंडते. तवा ठेवल्यावर ओव्हन तापायला अर्धा तास द्यावा आणि थर्मामीटरने नवी मोजणी करावी, कारण थर्मोस्टॅटचे आधीचे आकडे आता जुळणार नाहीत. नॉनस्टिक तवा यासाठी वापरू नये. कडप्पा किंवा फरशीचे तुकडेही ठेवू नयेत. दगडात मुरलेला ओलावा तापल्यावर तो तडकू शकतो. रॉडवर किंवा तळाच्या पत्र्यावर फॉइल अंथरणे तर कटाक्षाने टाळावे. त्याने उष्णता भलत्या ठिकाणी परतते आणि रॉड खराब होतात.

भांड्याची निवड तितकीच महत्त्वाची आहे. वीस-पंचवीस लिटरच्या ओटीजीत सहा ते सात इंचांचे ॲल्युमिनियमचे भांडे सर्वांत चांगले भाजते. भांडे आणि भिंत यांच्यात सगळीकडून किमान तीन सेंटिमीटर जागा हवी. जाळी भरून टाकणारा मोठा ट्रे लोक हौसेने वापरतात आणि नेमका तोच हवेची वाट अडवून तळ करपवतो. काळ्या नॉनस्टिक भांड्यात तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवावे, काचेच्या भांड्यातही साधारण तितकेच. जाळीचा खण भांडे पाहून ठरवू नये, तर फुगल्यानंतर पदार्थाचा वरचा भाग कुठे येईल ते पाहून ठरवावा. केक आणि पाव तीन-चार सेंटिमीटर वर येतात, म्हणून लहान ओटीजीत त्यांची जागा जवळजवळ नेहमी खालच्या खणात असते.

मग दाराचा प्रश्न. तापलेल्या ओव्हनचे दार उघडले की गरम हवा निघून जाते, थर्मोस्टॅट लगेच रॉड चालू करतो, आणि नुकत्याच आत ठेवलेल्या कच्च्या केकवर पहिली काही मिनिटे वरच्या लालभडक रॉडची झळ पडत राहते. वरची साय लवकर घट्ट होते, आतले मिश्रण नंतर फुगते आणि केक मध्ये फाटून त्याचा डोंगर होतो. यावर सोपी तोड अशी, की ओव्हन हव्या त्या तापमानापेक्षा वीस अंश जास्त तापवावा, भांडे चटकन आत ठेवून दार लावावे आणि बटण लगेच खऱ्या आकड्यावर आणावे. दार उघडल्याने गेलेली उष्णता आणि वाढवलेले वीस अंश एकमेकांची बरोबरी करतात, रॉड काही वेळ बंदच राहतात आणि पदार्थाला साठलेली, सौम्य उष्णता मिळते. त्यानंतर भाजण्याचा दोन तृतीयांश वेळ होईपर्यंत दार उघडू नये. तेवढा वेळ झाला की भांडे एकदाच, झटकन, अर्धे फिरवावे, म्हणजे मागची बाजू पुढे येते. लवकर फिरवले तर केक बसतो, फार उशिरा फिरवले तर उपयोग नसतो.

या फिरवण्याच्या वेळी वरचा रंग पुरेसा आला आहे असे दिसले, तर फॉइलचा तुकडा वर सैल टेकवावा, रॉडला शिवणार नाही असा. आत पंखा असेल तर फॉइलच्या कडा भांड्याखाली दुमडाव्यात, नाही तर ते उडून रॉडवर जाते. पंख्याबद्दल एवढे सांगायला हवे, की तो हवा सारखी करतो, किरणे सारखी करत नाही; पंख्याचा ओटीजी घेतला म्हणजे सगळे प्रश्न सुटले असे होत नाही. पंखा चालू असताना तापमान पंधरा-वीस अंशांनी कमी ठेवावे.

कडा लवकर वाळतात आणि मध्य कच्चा राहतो अशी तक्रार असेल, तर जुन्या सुती टॉवेलची भांड्याच्या उंचीएवढी रुंद पट्टी कापून, तीन-चार पदरी करून, पाण्यात भिजवून, पिळून भांड्याभोवती गुंडाळावी आणि स्टीलच्या सेफ्टी पिनने अडकवावी. पट्टीत पाणी असेपर्यंत भांड्याची कड शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, त्यामुळे कड आणि मध्य बरोबरीने शिजतात आणि केक सपाट येतो. थर लावून सजवायच्या केकसाठी मला हा उपाय फार मोलाचा वाटतो, कारण वरचा डोंगर कापून टाकावा लागत नाही. भाजायला पाच-दहा मिनिटे जास्त लागतात. पॉलिस्टरमिश्रित कापड मात्र अजिबात घेऊ नये, आणि पट्टी रॉडपासून दूरच हवी.

पदार्थागणिक

केकसाठी, ओटीजी लहान असेल आणि वरचे रॉड फार जवळ असतील, तर पहिला दोन तृतीयांश वेळ फक्त खालचे रॉड, तव्यासकट, चालू ठेवावेत आणि रंग येण्यासाठी शेवटी दोन्ही चालू करावेत. रवा केक किंवा मावा केक १६५ ते १७० अंशांना, थोडा जास्त वेळ देऊन भाजलेला बरा. ओव्हन जितका बेभरवशाचा तितके तापमान कमी आणि वेळ जास्त, हा हिशेब बहुतेक वेळा जमतो. सुई कोरडी निघते का ते मध्येच पाहावे, कडेला नव्हे. टोचणीचा थर्मामीटर असेल तर केकच्या पोटात ९६-९८ अंश भरले की तो झाला.

नानकटाई ओव्हनचे सगळे दोष उघडे पाडते, कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसते आणि तूप-मैद्याचा रंग झपाट्याने बदलतो. इथे सारखेपणाची सुरुवात मळण्यापासूनच होते: प्रत्येक गोळा वजनकाट्यावर वीस ग्रॅमचा करावा, सगळे एकाच जाडीचे चपटे करावेत, आणि ट्रे भाजण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे तूप लगेच वितळून नानकटाई पसरत नाही. एका वेळी एकच ट्रे भाजावा. ब्रेडच्या पाहणीत जो कोपरा गडद निघाला होता तो मोकळा सोडावा, तिथे नानकटाई ठेवूच नये. दोन नग कमी बसले तरी चालतील. तळ करपत असेल तर एकाच मापाचे दोन ट्रे एकात एक ठेवावेत, मधली हवेची फट झळ अडवते. १६० अंशांना पंधरा ते अठरा मिनिटांत वरचा भाग जेमतेम बदामी होतो; एक नानकटाई चमच्याने उचलून तळ पाहावा, तो फिकट सोनेरी दिसला की ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी नानकटाई बोटाने दाबल्यावर मऊ लागते, ती कच्ची नसते. ट्रेवरच निवू दिली की खुसखुशीत होते. मऊ लागली म्हणून पुन्हा आत सरकवलेली नानकटाई हमखास कडक होते.

लादीपावाला उलट जोरकस उष्णता लागते, १९० ते २०० अंश, आणि इथे तापलेला तवा खरी मदत करतो, कारण पाव फुगतो तो पहिल्या सात-आठ मिनिटांतच. वरून रंग लवकर आला तर फॉइल टेकवावे आणि पोटात ९० अंश भरेपर्यंत धीर धरावा. रंगावरून काढलेला पाव मध्ये चिकट राहतो.

वरचे रॉड एकटे वापरण्याचा चांगला प्रसंग म्हणजे बेबिंका, ही गोव्याची थराथरांची मिठाई. तिचा एकेक थर वरून येणाऱ्या आचेवरच शिजतो. पूर्वी त्यासाठी भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवत. भांडे वरच्या खणात ठेवून फक्त वरचे रॉड चालू करावेत, तूप सोडून पहिला थर तांबूस होऊ द्यावा आणि मग दुसरा ओतावा. थर चढतील तसे ते रॉडच्या जवळ जातात आणि वेळ कमी लागतो, म्हणून प्रत्येक थराच्या वेळी डोळे काचेवरच हवेत. गडद कोपरा माहीत असेल तर दर थराला भांडे थोडे फिरवत राहावे.

दुरुस्ती केव्हा

इतके करूनही काही दोष उपायांपलीकडचे असतात. रॉड कधीच बंद होत नसतील आणि तापमान चढतच जात असेल तर थर्मोस्टॅटचा जोड चिकटलेला आहे. असा ओटीजी ताबडतोब बंद करून प्लग काढावा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. गेलेला रॉड बदलून मिळतो, त्यासाठी ओव्हन टाकून देण्याची गरज नसते, पण जोडीतला एक नवा आणि एक जुना राहिला तर दोन्ही बाजूंची उष्णता निराळी पडू शकते, म्हणून शक्य असेल तर जोडीच बदलून घ्यावी. दार सैल झाले असेल तर बिजागरीचे स्क्रू आवळून घ्यावेत. फटीत कापड कोंबू नये. आत्ता १८०, मग १८० वरच २३० असा तापमानाचा काही धरबंधच नसेल, तर थर्मोस्टॅट बदलण्याचा खर्च विचारून घ्यावा आणि मगच नव्याचा निर्णय करावा.

कोणतीही दुरुस्ती झाली, ओव्हन दुसऱ्या सॉकेटवर नेला किंवा घर बदलले, तर जुनी चिकटपट्टी काढून टाकावी आणि पहिला केक लावण्याआधी थर्मामीटरची मोजणी व ब्रेडच्या कापांची पाहणी नव्याने करावी. स्वयंपाकघरात एक छोटी वही ठेवून तीत दर वेळी बटणाचा आकडा, आतले तापमान, खण, भांडे, लागलेला वेळ आणि विजेचा दाब लिहून ठेवला, तर पुढच्या वेळी त्याच पदार्थाला कुठून सुरुवात करायची ते शोधावे लागत नाही.